बावीस जणांची बॅच, एक म्हातारा ऑटोक्लेव्ह आणि उत्तर माहीत नसलेला प्रश्न

उपनगरातल्या एका कॉलेजात टीवाय मायक्रोबायोलॉजीला शिकवणाऱ्या एका तरुण सहकाऱ्याने विचारलं आहे: "बावीस मुलांची बॅच, आठवड्यातून एकदा तीन तासांचं प्रॅक्टिकल, एकच म्हातारा ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करायचं यंत्र), डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआर मशीन नाही. सिलॅबस संपवायचाच आहे, जर्नल तपासायचीच आहेत. एवढ्यात पदवीच्या मुलांकडून खरंखुरं संशोधन करून घेता येतं का? की हे सगळं टीआयएफआर आणि आयआयटीवाल्यांनी बोलायचं?"

येतं. मी मुंबईतच हा विषय वीसेक वर्षं शिकवते आहे. त्यातली बारा-तेरा वर्षं प्रॅक्टिकलच्या तासातच संशोधन बसवण्याची खटपट चालू आहे आणि त्यातली पहिली तीन साफ वाया गेली. म्हणून आधी फसल्याचंच सांगते.

'सांडपाण्यातून कोलिफाज वेगळा करणे' हे प्रॅक्टिकल तुम्हीही घेत असाल. फाज म्हणजे जिवाणूंना मारणारा विषाणू, कोलिफाज ई. कोलाय या जिवाणूला मारतो. नाल्याचं पाणी आणायचं, त्यात ई. कोलाय वाढवायचा, दुसऱ्या दिवशी क्लोरोफॉर्म घालून, सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी घ्यायचं, मऊ अगारमध्ये (पातळसर जेलीत) मिसळून प्लेटवर ओतायचं. जिवाणूंच्या दुधट थरात जिथे फाजने जिवाणू फोडले तिथे स्वच्छ ठिपके दिसतात, ते प्लाक मोजायचे. एका वर्षी वॉटर बाथचा थर्मोस्टॅट बिघडला होता. मऊ अगार ४५ अंशांवर धरायचा तो साठाच्या वर गेला. कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या उकाड्यात ई. कोलाय मेला आणि दुसऱ्या दिवशी बावीसच्या बावीस प्लेट काचेसारख्या स्वच्छ. थरच नाही, तर ठिपके दिसणार कुठे?

पुढच्या आठवड्यात जर्नलं तपासायला आली. बावीसपैकी चौदा जर्नलांत प्लाकचा आकडा होता. त्यातल्या नऊ जणांचा तर एकच आकडा. मला तो ओळखीचा वाटला म्हणून जुनी वही काढली, तर काही वर्षांपूर्वी उदाहरण म्हणून फळ्यावर मीच लिहिलेला आकडा होता तो. सीनियरच्या जर्नलातून ज्युनियरच्या जर्नलात असा उतरत उतरत माझ्यापर्यंत परत आला होता.

मी त्या दिवशी खूप आरडाओरडा केला, ते चुकलंच. मुलांनी आमच्याकडून शिकलेलंच केलं होतं: उत्तर ठरलेलं असतं, चुकते ती प्लेट. शाळेपासून तेच चालतं. मीठ ओळखायच्या प्रॅक्टिकलमध्ये आपणही कुणाच्या तरी वहीत डोकावून 'क्लोराइड' लिहिलेलं आहे, खोटं कशाला बोला.

त्यामुळे माझ्या मते पहिला बदल उपकरणांत करायचा नसतो, प्रश्नात करायचा असतो. प्रश्न निवडताना मी दोनच कसोट्या लावते. एक, उत्तर मला स्वतःला माहीत नसलं पाहिजे आणि पुस्तकातही मिळता कामा नये. दोन, वर्गाबाहेरच्या कुणाला तरी ते उत्तर ऐकण्यात रस असला पाहिजे, मग तो महापालिकेचा इंजिनिअर असो की दुसऱ्या कॉलेजातला फाजवाला. पहिली कसोटी पाळायला शिक्षकाला जड जाते. मुलगी प्लेट घेऊन येते, "मॅडम, हे बरोबर आहे का?" विचारते आणि आपल्याला "मला माहीत नाही, कंट्रोल काय म्हणतोय बघ" असं म्हणावं लागतं. (कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी ठेवलेली प्लेट.) सवय व्हायला मला एक सेमिस्टर लागलं.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे मशीन नाहीत हे खरं, पण एका पीएचडीच्या विद्यार्थ्याकडे नसलेली एक गोष्ट तुमच्याकडे आहे: चव्वेचाळीस हात. आणि ते हात रोज विरारपासून कर्जतपर्यंत आणि पनवेलपासून दिव्यापर्यंत पसरतात. दरवर्षी नवे येतात. एवढ्या ठिकाणचे नमुने एका सकाळी लॅबमध्ये आणायचे तर एखाद्या संस्थेला गाडी, ड्रायव्हर आणि पेट्रोलचं बिल लागेल. तुमच्याकडे ते रेल्वेच्या पासावर येतात. तेव्हा असा प्रश्न शोधा ज्याला महागडं यंत्र लागत नाही, पण पुष्कळ नमुने, पुष्कळ प्लेटा आणि पुष्कळ मोजणी लागते.

आमचा प्रश्न असा निघाला. मुंबईतले बरेच नाले खाडीला मिळतात आणि भरतीला खारं पाणी आत घुसतं. वरच्या अंगाचे नाले मात्र गोडेच राहतात. मग खाऱ्या पाण्याची सवय असलेल्या नाल्यातला फाज मिठात जास्त टिकतो का? एवढाच प्रश्न. सिलॅबसमधलं प्रॅक्टिकल जसंच्या तसं राहतं. फाज वेगळा करणं, प्लाक शुद्ध करणं, टायटर (मिलिलीटरला किती फाज) काढणं सगळं त्यात येतं. फक्त शेवटी एक पायरी वाढते. प्रत्येकाने आपला फाज अर्धा टक्का, साडेतीन टक्के आणि दहा टक्के मिठाच्या पाण्यात चोवीस तास ठेवायचा आणि आधी किती होते, नंतर किती उरले ते मोजायचं. साडेतीन टक्के म्हणजे साधारण समुद्राचा खारटपणा. होस्ट म्हणून, म्हणजे ज्यात फाज वाढतो तो जिवाणू म्हणून, प्रयोगशाळेतला निरुपद्रवी के-१२ जातीचा ई. कोलाय वापरायचा, तो पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून मागवता येतो.

हिशोबही मुलांना मी मराठीतच सांगते, त्याने पटकन कळतो. एक लाख पट सौम्य केलेल्या नमुन्यातला ०.१ मिलि घेतला आणि प्लेटवर ८७ प्लाक आले, तर ८७ गुणिले १० गुणिले १ लाख, म्हणजे मिलिलीटरला ८ कोटी ७० लाख. सोपं आहे. मिठाचा नमुना प्लेटवर जाण्याआधी इतका पातळ होतो की त्यातल्या मिठाचा होस्टवर परिणाम होत नाही, हेही त्याच हिशोबातून मुलं स्वतः काढतात.

पहिल्या वर्षी आमच्या तक्त्यात फरक दिसला. खाडीकडचे फाज खरंच जास्त टिकत होते. आम्ही सगळे खूश, मी तर मनातल्या मनात 'आविष्कार' या विद्यापीठाच्या संशोधन स्पर्धेचं पोस्टरसुद्धा रंगवलं. मग मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, शीट बघत म्हणाली, "मॅडम, खाडीवाल्या सगळ्यांनी सोमवारी सकाळी सॅम्पल घेतलंय. बाकीच्यांनी रविवारी संध्याकाळी." तिने मोबाइलवर तारखांचा रकाना वर-खाली करून दाखवला. तसंच होतं. खाडीजवळची मुलं कॉलेजला येता येता नमुना घेत होती आणि लांबची आदल्या दिवशी घेऊन रात्रभर घरात ठेवत होती. कुणाच्या फ्रीजमध्ये जागा मिळाली, कुणाच्या आईने नाल्याचं पाणी फ्रीजमध्ये ठेवू दिलं नाही (आईचं बरोबरच आहे). म्हणजे फरक मिठाचा होता की शिळ्या पाण्याचा, हे सांगताच येईना.

त्या दोन मिनिटांत त्या बॅचला 'कन्फाउंडिंग' म्हणजे काय ते जितकं कळलं तितकं माझ्या चार लेक्चरांत कळलं नसतं. पुढच्या बॅचने पद्धत बदलली: सगळ्यांनी एकाच दिवशी, ओहोटीच्या वेळेचा तक्ता बघून, ठरलेल्या दोन तासांत नमुना घ्यायचा, बर्फाच्या पिशवीत आणायचा, बाटलीवर जागेचं नाव न लिहिता फक्त नंबर टाकायचा. नंबर कुठल्या नाल्याचा हे मोजणाऱ्याला माहीत नसतं. या पद्धतीने घेतल्यावर पहिल्या वर्षीचा फरक जवळजवळ विरून गेला. आता तिसरी बॅच ते पावसाळ्यानंतर लगेच आणि एप्रिलमध्ये असं दोनदा करते आहे, कारण पावसाळ्यात खाडीच गोडी होते. मूळ प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. प्रश्न मात्र चांगला टोकदार झाला आहे आणि तो टोकदार करण्यात माझा हात निम्मासुद्धा नाही.

वेळापत्रकाचं म्हणाल, तर पंधरा आठवड्यांचं सेमिस्टर कागदावर असतं. सुट्ट्या, कॉलेजचा फेस्ट, इंटर्नल वजा करून आमच्या हातात नऊ उरतात. पहिले तीन मी निव्वळ हात बसवण्यावर घालवते आणि त्याची लाज वाटू देत नाही. पिपेट, डायल्यूशन, मऊ अगार ओतताना बुडबुडे न येऊ देणं. प्रत्येकाला आधी ओळखीच्या फाजचा टायटर काढायला लावते. शेजारच्याच्या आणि आपल्या आकड्यात दहापट फरक आला तर पुन्हा. ज्याच्या हाताचाच भरवसा नाही त्याचा डेटा पुढे वापरता येत नाही आणि मग सगळी मेहनत पाण्यात. मग दोन आठवडे नमुना आणि फाज वेगळा करणं, दोन आठवडे प्लाक उचलून पुन्हा पुन्हा पसरून शुद्ध करणं, एक आठवडा मीठ. शेवटचा आठवडा राखीव, कारण काहीतरी फसतंच.

इथे एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट. होस्ट घालून रात्रभर वाढवलेल्या नमुन्यातून नाल्यात फाज मुळात किती होते ते कळत नाही. वाढवण्यात जो भराभर वाढतो तोच पुढे जातो. संख्या हवी असेल तर पाणी थेट प्लेटवर लावायचं, फाज हवा असेल तर वाढवायचं. आणि क्लोरोफॉर्मने चरबीचं आवरण असलेले काही फाज मरतात, तेव्हा परवडत असेल तर ०.४५ मायक्रॉनचा सिरिंज फिल्टर वापरा. आम्ही दोन्ही करून बघतो. कुठल्या पद्धतीने काय निसटतं हाही एका गटाचा प्रश्न होऊ शकतो.

दुसरी अडचण म्हणजे प्रॅक्टिकल बुधवारी आणि प्लेट वाचायची गुरुवारी. कल्याणच्या मुलीला संध्याकाळी थांबा म्हणण्यात अर्थ नाही, तिची गाडी सुटली की घरी पोचायला साडेआठ. आम्ही दोघादोघांची पाळी लावली आहे. ज्यांचं सकाळचं लेक्चर असतं ते आधी दहा मिनिटं येऊन सगळ्यांच्या प्लेटा इन्क्युबेटरमधून काढतात, फोटो घेतात आणि फ्रीजमध्ये ठेवतात. मोजणी पुढच्या बुधवारी. पाळी चुकली तर सगळ्यांचं नुकसान, त्यामुळे ती चुकत नाही. माझ्या रागापेक्षा वर्गमित्रांचा राग जास्त चालतो.

ही भानगडच नको असेल तर हळू वाढणारा जीव निवडा. मिठागरातले खारप्रेमी सूक्ष्मजीव हे माझं आवडतं उदाहरण. वीस-पंचवीस टक्के मीठ घातलेल्या माध्यमावर ते दोन-तीन आठवड्यांनी गुलाबी-लाल ठिपक्यांनी उगवतात. आठवड्यातून एकदाच लॅब मिळते हा आपला नेहमीचा रडगाण्याचा विषय, पण यांच्या बाबतीत तेच सोयीचं पडतं. शिवाय इतक्या मिठात नेहमीची बुरशी आणि इतर घाण वाढत नाही, त्यामुळे नवशिक्या हातांच्या प्लेटासुद्धा स्वच्छ राहतात. मिठागरात जायची परवानगी मिळेल न मिळेल. किराणावाल्याकडचं जाडं मीठ घ्या. उन्हात वाळवलेल्या त्या खड्यांच्या आत हे जीव अडकून जिवंत राहतात. मुलांना आपापल्या बाजारातून वेगवेगळं मीठ आणायला सांगा, पाकिटातलं बारीक मीठ कंट्रोल म्हणून ठेवा. झालं सेमिस्टरभराचं काम, खर्च जवळजवळ शून्य. फक्त या प्लेटा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, नाहीतर तीन आठवड्यांत सुकून पापड होतात.

एफवायला मी इडलीचं पीठ देते. पीठ फुगवण्यात ल्युकोनॉस्टॉकचा मोठा वाटा, हे पुस्तकात आहे. पण तुमच्या वर्गातल्या बावीस घरांतल्या पिठात पावसाळ्यात आणि डिसेंबरात कोण किती असतं, हे कुठल्याच पुस्तकात नाही. किती तासांत किती फुगलं, पीएच किती उतरला, यीस्ट किती, लॅक्टिक ॲसिडवाले किती. घरचे लोकही यात ओढले जातात. एका मुलाच्या आजीने वाटण्याच्या वेळा आमच्यापेक्षा व्यवस्थित लिहून पाठवल्या होत्या. या वाटेवर आपल्या शहरात मोठी माणसं चालून गेली आहेत. कमला सोहोनींनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी मिळवली आणि पुढे इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विद्यार्थ्यांना घेऊन नीरा, कडधान्यं असल्या रोजच्या खाण्यापिण्यावर काम केलं. ते विद्यार्थी वरच्या वर्गातले होते हे मान्य. पण प्रश्न आपल्याच ताटातून उचलायचा ही रीत एफवायलाही चालते.

'पदवीच्या मुलांच्या कामाला विचारतो कोण' असं प्राचार्य म्हणाले तर त्यांना फाजचीच गोष्ट सांगा. अमेरिकेत फाज-संशोधक ग्रॅहम हॅटफुल यांच्या पुढाकाराने आणि हॉवर्ड ह्यूज संस्थेच्या पाठबळावर २००८ पासून 'सी-फाजेस' नावाचा कार्यक्रम चालतो. पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं आपल्या अंगणातली माती आणतात, त्यातून फाज वेगळा करतात, त्याला नाव देतात आणि त्याच्या जनुकांची नोंद करतात. सगळं नेहमीच्या लॅब कोर्समध्ये, निवडक हुशारांच्या शिबिरात नव्हे. हॅटफुल यांच्या फाजसंग्रहात दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या विद्यार्थ्यांच्या कार्यशाळेतून आलेला 'मडी' नावाचा एक फाज होता, कुजलेल्या वांग्याच्या खालच्या बाजूला सापडलेला. २०१८ मध्ये लंडनमध्ये उपचार घेणाऱ्या एका पंधरा वर्षांच्या मुलीला फुप्फुस-प्रत्यारोपणानंतर मायकोबॅक्टेरियम ॲबसेसस या जिवाणूचा संसर्ग झाला होता, अँटिबायोटिकं चालत नव्हती. तेव्हा तीन फाजचं मिश्रण दिलं गेलं, त्यातला एक हा मडी. ती सुधारली आणि २०१९ मध्ये तो वृत्तान्त प्रसिद्ध झाला. वांगं उलटं करून बघणाऱ्या विद्यार्थिनीला हे कुठे माहीत होतं! रोज असं घडत नाही, हे मुलांना सांगायला विसरू नका. नाहीतर पहिल्या रिकाम्या प्लेटला रडू येतं.

मातीतून अँटिबायोटिक तयार करणारे जिवाणू शोधणारा असाच एक उपक्रम येल विद्यापीठातून सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जो हँडल्समन यांनी २०१२ मध्ये सुरू केला, 'स्मॉल वर्ल्ड इनिशिएटिव्ह'. तो आपल्याकडे करायला सोपा आहे, पण एक पथ्य आहे. ज्यांच्यावर चाचणी करायची ते जिवाणू रोगकारकांचे निरुपद्रवी नातेवाईक हवेत. खरे रोगकारक बीएस्सीच्या लॅबमध्ये नकोत.

हे वर्गातच का करायचं, निवडक मुलांना घेऊन सुट्टीत का नाही, असंही लोक विचारतात. सुट्टीतले उपक्रम चांगलेच आहेत. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा कार्यक्रम २००४ पासून पदवीच्या मुलांना संशोधनाची चव देतो आहे, आमची काही मुलं तिथे जाऊन आली, बदलून आली. पण अर्ज कोण करतं? ज्यांच्या घरात कुणीतरी अशी गोष्ट असते असं सांगणारं असतं ती मुलं. टिटवाळ्याहून येणारा, संध्याकाळी क्लासमध्ये शिकवून फी भरणारा मुलगा मे महिन्यात कुठल्याही शिबिराला जाणार नाही. तो प्रॅक्टिकलला मात्र येतो, कारण हजेरी लागते. नव्या शैक्षणिक धोरणात चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स आहे, तेही यूजीसीच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सेमिस्टरांत ७५ टक्के मिळवणाऱ्यांना. तोपर्यंत थांबलो तर शीटवरच्या तारखा बघणारी माझी ती मागच्या बाकावरची मुलगी कधीच सापडली नसती. तिला ५८ टक्के होते.

गुणांचं मी असं करते. इंटर्नलचे गुण आपल्या हातात असतात, ते निकालाला द्यायचे नाहीत, नोंदवहीला द्यायचे. जर्नल वेगळं, नोंदवही वेगळी. नोंदवही शाईची, तारखेची, प्लेट समोर असतानाच लिहायची. चूक झाली तर एक आडवी रेघ, व्हाइटनर नाही. रिकामी प्लेट आली तर तिचा फोटो आणि 'मला वाटतं असं का झालं' याच्या चार ओळी. या चार ओळींना सर्वांत जास्त गुण. पहिल्या महिन्यात मुलं खोटे प्लाक काढतातच, सवय जात नाही. म्हणून मी न सांगता एक बाटली निव्वळ सलाइनची फिरवते. तिच्यात ज्याला फाज 'सापडतो' त्याच्याशी एकट्याशी बोलते, वर्गासमोर नाही.

एक्स्टर्नलची तयारी आधी ठेवा. एका परीक्षकांना बावीस जर्नलांत बावीस वेगळी उत्तरं बघून फारच त्रास झाला होता. आता आम्ही त्यांच्यासाठी एक पानाची टीप करून ठेवतो: प्रश्न काय, पद्धत काय, सिलॅबसमधल्या कुठल्या कौशल्यांची परीक्षा यात होते. परीक्षेत नेहमीचंच कौशल्य करून दाखवायचं असतं, त्याला कुणाची हरकत नसते. उलट तीन तासांत होणारं ते काम आमच्या मुलांचं चांगलं होतं, कारण त्यांनी ते दहा वेळा केलेलं असतं.

सुरक्षेबद्दल मी कडक आहे, तुम्हीही राहा. जून ते सप्टेंबर नाल्यावर जायचं नाही. लेप्टो (दूषित पाण्यातून जखमेवाटे होणारा लेप्टोस्पायरोसिस) ही मुंबईत पुस्तकातली गोष्ट नाही, पायाला जखम असलेला मुलगा साचलेल्या पाण्यात उतरला की झालं. म्हणून पहिल्या सेमिस्टरला पीठ किंवा मीठ, दुसऱ्याला नाला. मॅनहोलचं झाकण कुणी उघडायचं नाही, काठावरून दोरीला बांधलेल्या बाटलीने पाणी घ्यायचं, हातमोजे, जोडीने जायचं. पेशंटचे, घरच्या आजारी माणसाचे, स्वतःच्या घशाचे नमुने नकोत. नाल्याच्या पाण्यातून उगवलेली अनोळखी वसाहत कुतूहल म्हणून वाढवत बसायचं नाही. सगळ्या प्लेटा १२१ अंशांवर वीस मिनिटं ऑटोक्लेव्ह करूनच फेकायच्या. राष्ट्रीय उद्यानात किंवा कांदळवनात काही करायचं मनात असेल तर वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका, 'कॉलेजचं ओळखपत्र आहे' हे तिथे चालत नाही.

आणि लॅबमधल्या मामांना पहिल्या दिवशी विश्वासात घ्या. नेहमीच्या प्रॅक्टिकलला एक प्रकारचं माध्यम लागतं, इथे पाच लागतात, आणि ते मरमर करून बनवणारे तेच असतात. आमच्या मामांना प्रश्न काय आहे ते मी दोन वर्षं सांगितलंच नव्हतं. सांगितल्यावर त्यांनीच विचारलं की मिठाचं पाणी ऑटोक्लेव्हमध्ये उकळून थोडं आटतं, मग तुमचे दहा टक्के दहाच राहतात का? आम्ही मोजून बघितलं. राहत नव्हते. आता मीठ मोजून, ऑटोक्लेव्हनंतर निर्जंतुक पाणी घालून पातळी पुन्हा रेघेला आणतो. त्यांचं नाव आमच्या पोस्टरवर असतं.

केमिस्ट्री-फिजिक्सवाल्या मित्रांना माझ्याकडून फार सांगता येणार नाही. पण पहिल्या पावसाचा पीएच वीस स्टेशनांवरून, किनाऱ्याजवळच्या विहिरींतलं क्लोराइड, गणपतीतल्या आवाजाची मोजणी, हे सगळं त्याच हातांच्या हिशोबात बसतं. झूऑलॉजीवाल्यांची तर चैन आहे. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी २०१७ पासून ओहोटीला किनाऱ्यावर लोकांना नेऊन नोंदी करायला शिकवत आहेत, त्यांच्याकडून पद्धत शिकावी.

छापण्याची घाई करू नका. मुलांना आठवड्यात पेपर छापून देणाऱ्या, पैसे मागणाऱ्या मासिकांचे ईमेल येतात, एकाही पालकाचे पैसे तिथे जाऊ देऊ नका. विद्यापीठाच्या आविष्कारमध्ये पोस्टर लावा, दुसऱ्या कॉलेजच्या बॅचला तुमची पद्धत देऊन तोच प्रयोग करायला सांगा. दोन कॉलेजांचे आकडे जुळले की मग पेपरचं बोलू. नावांचा क्रम पहिल्याच दिवशी लिहून ठेवा, शेवटी ठरवायला गेलात तर मैत्र्या तुटतात.

या जूनमध्ये सुरू करणार असाल तर पिठापासून करा, एकाच बॅचपुरतं, आणि बाकी सगळी प्रॅक्टिकलं जुन्या पद्धतीने चालू द्या. मात्र दुसऱ्या सेमिस्टरला फाजकडे वळलात तर एक काम पहिल्याच दिवशी करा. शुद्ध केलेला प्रत्येक फाज ४ अंशांवर फ्रीजमध्ये महिनोन्‌महिने टिकतो, पुढची बॅच त्याच्यावर काम करू शकते, आणि खरा फायदा तिथेच आहे. पण नळ्यांवर बॉलपेनने लिहू नका. आमच्या पहिल्या बॅचचे अठरा फाज अजून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आहेत, आणि दमट हवेने शाई पसरल्यामुळे कुठला कुठल्या नाल्याचा हे कुणालाही सांगता येत नाही. कागदी लेबल, त्यावर पेन्सिल आणि वरून पारदर्शक टेप.